मोती दात का खातो?

मंडळी, रागावलेल्या माणसाबद्दल आपण मराठीत म्हणतो, तो दातओठ खातोय. राग तर आलाय, पण समोरच्याला बोलता येत नाही, अशी त्याची अवस्था असते. त्यामुळे दारातलं कुत्रं कोपऱ्यात पडून करकर दात खाताना ऐकू आलं, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "स्वारी चिडलेली दिसते." दुसरा समज याहून जुना आहे. लहान मूल झोपेत दात खायला लागलं की आजी निदान करते, "जंत झालेत." मुलाला जो न्याय, तोच कुत्र्याला. राग नाहीतर जंत, या दोन कारणांपलीकडे आपला विचार फारसा जात नाही.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत जनावरांचा डॉक्टर म्हणून मी उमेदीची सगळी वर्षं काढली. सुरुवातीला दवाखान्यात यायचे ते बैल, म्हशी आणि शेळ्या. कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं, ही कल्पनाच लोकांना गमतीची वाटायची. पुढे दिवस बदलले. अंगणात गावठी कुत्रं होतंच, आता फ्लॅटमध्ये पग आणि लॅब्रॅडॉर आले. पण "डॉक्टर, हा दात खातो" अशी तक्रार घेऊन येणारा माणूस आजही बहुधा जंताचीच गोळी मागतो. म्हणून आज या एकाच विषयावर बोलायचं ठरवलं आहे.

"पण तो जेवत होता!"

रोह्याला अष्टमीत एक निवृत्त गुरुजी राहायचे. त्यांचा मोती नावाचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा होता, वय सात वर्षं. रात्री ओटीवर झोपलेला मोती दात खायचा आणि त्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत यायचा. गुरुजींनी वर्षभरात चार वेळा जंताची गोळी दिली होती. पाचव्या खेपेला ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आता जरा जोरदार औषध द्या."

मी विचारलं, "जेवतो का नीट?"

"हो तर! ताटली चाटूनपुसून साफ करतो."

मोती स्वभावाने गरीब होता, त्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली होती आणि गुरुजींनी त्याला धरलं होतं. मी त्याचा डावा ओठ फक्त वर उचलला. वरची सगळ्यांत मोठी दाढ उभी चिरली होती. तिचा बाहेरचा कपचा निघून गेला होता आणि मधोमध काळा ठिपका दिसत होता. काळा ठिपका म्हणजे दाताची नस उघडी पडून मेलेली. त्या बाजूच्या सगळ्या दाढांवर पिवळट तपकिरी कीटणाचा जाड थर होता. उजवी बाजू मात्र बरीच स्वच्छ होती. याचा अर्थ सरळ होता. मोती कित्येक महिने फक्त उजव्या बाजूने चावत होता.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण तो जेवत होता हो!"

मंडळी, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि आजचा सगळा विषय त्या एका वाक्यात आहे. दाढ दुखायला लागली की आपण अन्नाला हात लावत नाही, गालाला हात लावून बसतो, घर डोक्यावर घेतो. कुत्रं तसं करत नाही. ते दुखऱ्या बाजूने चावणं सोडतं, घास न चावता गिळायला शिकतं आणि जेवत राहतं. दुखणं लपवणं ही त्याच्या जातीची फार जुनी सवय आहे. जंगलात जो दुखणं दाखवतो, तो मागे पडतो. त्यामुळे "जेवतो म्हणजे बरा आहे" हा आपला हिशेब कुत्र्याच्या बाबतीत चुकतो. ज्या काही थोड्या खुणांनी त्याचं दुखणं बाहेर पडतं, त्यांतली एक खूण म्हणजे दात खाणं.

जबडा वाटण्यासाठी नाही

गाय रवंथ करताना पाहा. तिचा खालचा जबडा आडवा फिरतो, जात्यासारखा. आपलाही थोडाफार तसा फिरतो. कुत्र्याचा जबडा मात्र बिजागरीच्या दारासारखा मुख्यतः वरखालीच हलतो. दळण्यासाठी, वाटण्यासाठी तो केलेलाच नाही.

मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. समोरचे १२ छोटे दात, ४ सुळे आणि मागे २६ दाढा-उपदाढा. यांतली वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही जोडी सर्वांत महत्त्वाची. या दोन्ही दाढा एकमेकींना घासून जातात, अगदी आपल्या अडकित्त्याच्या पात्यांसारख्या. श्रीवर्धनची सुपारी कातरताना अडकित्ता जे काम करतो, तेच काम ही जोडी मांसाच्या आणि हाडाच्या बाबतीत करते. मोतीची फुटली होती ती याच अडकित्त्याची वरची दाढ.

आता अडकित्त्याची पाती एकमेकींवर आडवी घासली तर काय होईल? धार जाईल, कपचे उडतील. कुत्र्याच्या दाताचं तेच होतं. शिवाय त्याच्या दातावरचं चकचकीत कठीण आवरण आपल्यापेक्षा पातळ असतं, बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही कमी. म्हणून दुखण्यामुळे कुत्रं दात खातं, दात खाल्ल्यामुळे दात झिजतात आणि झिजल्यामुळे आणखी दुखतं. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप क्वचितच थांबतं.

इथे आवाजातला एक फरक सांगतो. करकर असा घासल्याचा आवाज म्हणजे दात खाणं. कटकट किंवा टकटक असा भरभर वाजल्याचा आवाज वेगळा. थंडीत, आनंदाने किंवा उत्सुकतेने कुत्र्याचा जबडा असा वाजतो. दुसऱ्या कुत्र्याने लघवी केलेली जागा हुंगताना नर कुत्री हमखास असे दात वाजवतात. टाळूच्या वर वास ओळखणारं एक खास इंद्रिय असतं, तिथवर तो वास पोचवण्याची ही धडपड असते. त्यात काळजीचं काही नाही. झोपेत पाय हलवणं, बारीक भुंकणं, क्षणभर तोंड चाळवणं हेही स्वप्नाचे खेळ. रोज रोज होणारी करकर मात्र कानाआड करू नये.

पोपटी झाली, हाडं राहिली

माझ्या अनुभवात दात खाण्याचं मूळ सर्वांत जास्त वेळा तोंडातच सापडलं. त्यातही दोन कारणं मोठी. एक हिरड्यांचा आजार आणि दुसरं फुटलेला दात.

आपल्याकडच्या कुत्र्यांचं जेवण म्हणजे कालवणभात, दूधपोळी आणि चहाच्या वेळी ग्लुकोज बिस्किटं. हे सगळं मऊ आणि चिकट. दातावर त्याचा लगदा बसतो, त्यात जंतू वाढतात आणि लाळेतल्या क्षारांमुळे तो थर काही दिवसांतच दगडासारखा घट्ट होतो. हेच कीटण. लाळेची एक मोठी नळी वरच्या गालातल्या दाढांपाशीच उघडते, म्हणून कीटण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तिथेच साचतं. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं. तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांत या आजाराची काही ना काही खूण दिसते. आपल्यासारखे किडके दात कुत्र्यांत तसे कमी. त्यांचा खरा शत्रू हिरड्यांचा आजार. "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच" असं लोक म्हणतात, तेव्हा तो वास बहुतेक वेळा या आजाराचा असतो.

पॉमेरियन आणि पग यांना हा त्रास जास्त. २००३ मध्ये एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत छोटा पग दिसला आणि गावोगाव पग आले. पण त्या एवढ्याशा चपट्या तोंडातही दात ४२ च. जागा कमी, म्हणून दात वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले. पॉमेरियनमध्ये अनेकदा दुधाचे सुळे पडत नाहीत आणि शेजारी कायमचे सुळे उगवतात. एका जागी दोन सुळे दिसले तर दुधाचा सुळा डॉक्टरकडून काढून घ्यावा.

आता फुटलेल्या दाताबद्दल. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की आपल्या रायगड जिल्ह्यात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. शेतात जाळ, भोवती मंडळी. आणि मंडळींच्या भोवती कुत्री! खाऊन झालं की हाडं कुत्र्यांपुढे जातात. दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यात एखादं कुत्रं ठरलेलं. भाजलेलं, शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याचे टोकदार तुकडे पडतात. असा तुकडा वरच्या दोन दाढांच्या मध्ये, टाळूला आडवा अडकतो. कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, जबडा हलवत राहतं, दात खातं. आत, आतड्यात गेलेल्या तुकड्याचा धोका तर वेगळाच. मटणाच्या नळीचं हाड याउलट कठीण. ते कडाकडा फोडण्याच्या नादात अडकित्त्याची दाढ फुटते. नळीची गोल चकती खालच्या जबड्यात सुळ्यांमागे बांगडीसारखी अडकलेली कुत्रीही मी पाहिली आहेत.

धाटावच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या काही घरांत मी तिसरा प्रकार पाहिला. माणसं दिवसभर बाहेर आणि कुत्रं साखळीला. कंटाळलेलं कुत्रं साखळी चावत बसतं. वर्ष-दोन वर्षांत सुळ्यांची मागची बाजू घासून सपाट होते आणि एक दिवस सुळा मोडतो. साखळी चावणाऱ्या कुत्र्याला दम देऊन उपयोग नाही. त्याला फिरणं, सोबत आणि चावायला योग्य वस्तू हवी.

पिल्लांचं मात्र वेगळं. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून कायमचे येतात. हिरड्या सळसळतात, म्हणून ते दिसेल ते चावतं. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातलं पिल्लू मूर्तींखालचे पाट कुरतडायचं. मालकाला वाटलं, याला कसली तरी बाधा झाली. मी म्हटलं, "बाधा वगैरे काही नाही, दात येताहेत. ओला फडका पिळून फ्रीजमध्ये गार करा आणि चावायला द्या." पाट वाचले!

पोट आणि मन

तोंडात काही सापडलं नाही तर पोटाकडे वळावं. मळमळ, पित्त, उकिरड्यावरचं खाणं, लग्नाच्या पंगतीतलं तेलकट उष्टं, यांनी पोट बिघडलं की कुत्रं दात खातं. सोबत ते ओठ चाटतं, सारखं गिळतं, लाळ गाळतं, गवत खातं. पुढचे पाय आणि छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, असं वाकून राहत असेल तर पोटात चांगलंच दुखतंय असं समजावं. मूत्रपिंडाच्या आजारातही मळमळ होते आणि तोंडात व्रण पडतात. आपल्याकडे पावसाळ्यात येणारा लेप्टो मूत्रपिंडांवरच घाला घालतो. त्यामुळे दात खाणं, उलट्या आणि मलूलपणा एकत्र दिसलं तर घरगुती उपाय करत थांबू नये.

मग जंतांचं काय? जंत फार झाले तर पोट दुखतं आणि जंतांचं औषध वेळच्या वेळी द्यायलाच हवं. पिल्लांना डॉक्टर सांगतील तसं वारंवार, मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी. पण ते औषध दात खाण्यावरचा उपाय नव्हे. गुरुजींच्या घरी गोळीने नुकसान झालं नाही. झालं ते हे, की गोळी दिल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटलं आणि वर्ष निघून गेलं.

तिसरं कारण मनाचं. पेणमध्ये गणपतीच्या दिवसांतले ढोलताशे, रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीच्या वेळची वाजंत्री, मग दिवाळीचे फटाके. आपल्याला आनंद, पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. ते पलंगाखाली शिरतं, थरथरतं, धापा टाकतं, दात खातं. घर बदललं, घरात नवं कुत्रं आलं, रोजचा माणूस नोकरीसाठी मुंबईला गेला, तरी असं होतं. अशा वेळी त्याला ओरडू नये. ओरडलं तर ते दात खाणं थांबवेल कदाचित, पण भीती तशीच राहील. फटाक्यांच्या दिवसांत त्याला उजेडीच फिरवून आणावं. रात्री आतली, कमी आवाजाची खोली, पंखा किंवा रेडिओ चालू आणि जवळ आपलं माणूस, एवढं पुष्कळ असतं. भीती फारच असेल तर डॉक्टरांकडे सुरक्षित औषधं आहेत. मात्र दुखणं नाही याची खात्री झाल्यावरच "हे मनाचं आहे" म्हणावं. आधी मन आणि मग तोंड, हा क्रम उलटा आहे.

इथे हात घालू नका

आता सर्वांत गंभीर भाग. मेंदूच्या आजारातही जबडा विचित्र हलतो. डिस्टेंपर नावाचा विषाणूचा आजार आहे. त्यात आधी ताप, नाकाडोळ्यांतून घाण, खोकला, हगवण होते. कुत्रं बरं झालंसं वाटतं आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, च्युइंगगम चघळावं तसा जबडा आपोआप हलायला लागतो, तोंडाला फेस येतो. ही फीट असते. यावर हमखास औषध नाही. पण पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणाऱ्या लसी वेळेवर दिल्या तर हा आजार टळतो.

दुसरा आजार रेबीज. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे लाल डोळ्यांचं, चावत सुटलेलं, असं चित्र आपल्या मनात असतं. पण रेबीजचा एक गप्प प्रकारही आहे. त्यात कुत्रं चावत सुटत नाही. त्याचा जबडा लुळा पडतो, तोंड मिटत नाही, लाळ गळते, पाणीही गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय.

बरीच वर्षं झाली. पेणच्या खारेपाटातल्या एका गावातून एक शेतकरी असंच कुत्रं घेऊन आले. "डॉक्टर, याच्या नरड्यात हाड अडकलंय. मी हात घालून बघितलं, पण हाताला लागत नाही." त्यांच्या बोटांवर शेतातल्या कामाच्या ताज्या चिरा होत्या. मी कुत्र्याकडे पाहिलं आणि माझेही हात पुढे जाता जाता थांबले. लोंबणारा जबडा, हरवलेली नजर. लस कधी दिली होती का? नाही. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी बाहेरच्या कुत्र्याशी भांडण? हो, झालं होतं.

मी त्यांना त्याच क्षणी नळाखाली उभं केलं आणि साबणाने हात धुवायला लावले, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. तिथून थेट सरकारी रुग्णालयात पाठवलं. घरातली सगळी माणसं बोलावून घेतली, कोणाच्या अंगाला लाळ लागली ते विचारलं. कुत्रं तिसऱ्या दिवशी गेलं. त्या गृहस्थांनी सीरम आणि लसीचे सगळे डोस वेळेवर घेतले. त्यांना काही झालं नाही. पुढे कितीतरी वर्षं ते बाजारात भेटले की हात उंच करून दाखवायचे.

रेबीजची लक्षणं माणसात दिसू लागली की जवळजवळ नेहमीच मृत्यू ठरलेला. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाश्चरने १८८५ मध्ये पहिल्यांदा माणसाला ही लस दिली. तेव्हापासून बचावाचा मार्ग मोकळा आहे, फक्त तो वेळेवर धरायला हवा. आणि पोटात चौदा इंजेक्शनं ही आता जुनी गोष्ट झाली. आता लस दंडात देतात आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. चावाच लागायला हवा असंही नाही. जखमेला, चिरेला, डोळ्याला किंवा तोंडाला पिसाळलेल्या जनावराची लाळ लागली तरी धोका असतो.

म्हणून नियम पक्का करा. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज किंवा वागणं बदललंय, यांतलं काहीही दिसलं तर तोंडात हात घालायचा नाही. कुत्र्याला खोलीत बंद करायचं, मुलांना दूर ठेवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात तर कधीच हात घालू नका, कितीही दया आली तरी.

आधी बघा, मग बोला

आपलं नेहमीचं, लस दिलेलं कुत्रं दात खात असेल तर चार दिवस नीट लक्ष ठेवा. कधी खातं? जेवताना, जेवणानंतर, झोपेत, की आवाज झाल्यावर? एकाच बाजूने चावतं का? घास तोंडातून खाली पडतो का? पूर्वी आवडीने खायचं ती कडक पोळी आता नको म्हणतं का? डोक्यावर हात फिरवताना मान काढून घेतं का? डोळ्याखाली सूज आहे का? डोळ्याखालची सूज अनेकदा डोळ्याची नसते. अडकित्त्याच्या वरच्या दाढेला तीन मुळं असतात आणि तिथे पू झाला की सूज डोळ्याखाली दिसते. आणि हो, दात खाताना मोबाईलवर आवाजासकट व्हिडिओ घ्या. दवाखान्यात आलेलं कुत्रं घाबरून शहाण्यासारखं बसतं आणि मालक नुसती नक्कल करून दाखवत राहतात!

मग कुत्रं शांत असताना फक्त ओठ बाजूने वर उचलून पाहा. तोंड उघडायचं नाही. लाल हिरडी, कीटण, कपचा निघालेला दात, एवढं त्यातूनही दिसतं. हिरड्या फिक्या पांढऱ्या दिसल्या किंवा त्यांतून रक्त येत असेल तर गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचीही शंका घ्यावी. आपल्या दमट हवेत गोचीड फार.

पुढचं काम डॉक्टरांचं. कुत्र्याचं तोंड पूर्ण तपासायचं, कीटण काढायचं किंवा दाढ काढायची तर भूल द्यावीच लागते. भुलीशिवाय वरवर खरवडलं तर दात पांढरे दिसतात, पण हिरडीखालचा आजार तसाच राहतो. दातांच्या एक्सरेची सोय लहान गावात नसेल तर पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. परळचं आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि त्याच आवारातलं बैलघोडा हॉस्पिटल जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे. एक कळकळीची विनंती, घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये.

रोजचा दोन मिनिटांचा धर्म

दात राखायचे तर घासायला हवेत. लोक हसतात, पण उपाय हाच. पहिला आठवडा नुसतं ओठाला बोट लावायचं आणि शाबासकी द्यायची. दुसऱ्या आठवड्यात बोटाला ओला सुती फडका गुंडाळून वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूवरून फिरवायचा. मग लहान मुलांचा मऊ ब्रश. आतली बाजू नाही जमली तरी चालेल, बाहेरची महत्त्वाची. पेस्ट कुत्र्यांची मिळते तीच वापरा. आपली पेस्ट नको, कारण कुत्रं ती थुंकत नाही, गिळतं. त्यातलं फ्लोराइड त्याला बाधतं आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, ती तर विषच. पेस्ट नसेल तर साधं पाणी पुरे. आणि आपल्या कोकणातल्या आज्यांना हात जोडून सांगतो, कुत्र्याला मिश्री लावू नका. त्यात तंबाखू असतो!

चावायला काय द्यावं, याची सोपी कसोटी आहे. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. नख थोडं रुतलं तर ती चालेल. रुतलं नाही तर ती दातापेक्षा कठीण आहे, असं समजा. या कसोटीला नळीचं हाड, नारळाची करवंटी आणि दगड नापास होतात. जाड रबराची खेळणी आणि गाजराचा मोठा तुकडा पास होतात.

मोतीची दाढ मुंबईला नेऊन काढली. तीन मुळांची ती दाढ तुकडे करूनच निघाली. पंधरा दिवसांनी गुरुजी एकटेच दवाखान्यात आले. म्हणाले, रात्रीचा आवाज बंद झालाय. मग थोडं थांबून म्हणाले, "डॉक्टर, तो पुन्हा माझी चप्पल पळवायला लागलाय. वर्षभर पळवत नव्हता. मला वाटलं, म्हातारा झाला."

मंडळी, म्हातारा झाला, शांत झाला, शहाणा झाला असं आपण ज्या कुत्र्यांबद्दल म्हणतो, त्यांतल्या कितीतरी जणांचं नुसतं तोंड दुखत असतं. आज रात्री सगळी निजानीज झाली की जरा ओटीकडे कान द्या. करकर ऐकू आली तर त्याला दटावू नका आणि जंताच्या गोळीवर भागवू नका. सकाळी उजेडात त्याचा ओठ वर उचलून बघा. तो सांगू शकत नाही, म्हणून आपल्याला बघावं लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)